घरातील संगणकांचे जाळे : खेळासाठी आणि इंटरनेट वाटून घेण्यासाठी योग्य क्रमाने जोडणी

घरात तीन-चार संगणक आहेत, फायबरचे इंटरनेट आले आहे, वरच्या खोलीसाठी एक जादा राउटरही आणला आहे. तरीही खाली सुरू केलेला खेळ वर दिसत नाही, किंवा दिसला तरी अडखळत चालतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील घरांतून ही तक्रार सतत येते. अशा वेळी बहुतेक जण खेळाच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसतात, फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारा राखणदार प्रोग्रॅम) बंद करतात आणि शेवटी नेटवाल्याला फोन लावतात. प्रत्यक्षात दोष बहुधा त्याच्या बराच आधी झालेला असतो. केबलच्या टोकाची एक तार नीट बसलेली नसते, किंवा एकाच घरात संगणकांना जाळ्यातील ओळखीचे क्रमांक, म्हणजे पत्ते, वाटणारी दोन यंत्रे चालू असतात. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एका टप्प्याची तपासणी झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

उदाहरणासाठी आपल्याकडे नेहमी आढळणारे घर डोळ्यांसमोर ठेवले आहे : पुढे जुनी धाब्याची खोली, मागे नंतर बांधलेला स्लॅबचा भाग आणि वर पत्र्याची खोली. फायबर पुढच्या खोलीत येते, मुख्य संगणक मागे असतो आणि मुलांचा अड्डा वर.

टप्पा १ : खरेदीपूर्वीची तयारी

प्रथम घराचा साधा नकाशा कागदावर काढावा. फायबर कोठून आत येते, संगणक कोठे आहेत, विजेचे बोर्ड कोठे आहेत आणि कूलर कोणत्या खिडकीत बसतो, या चार गोष्टी त्यावर मांडाव्यात. मग केबल ज्या वाटेने जाणार ती वाट दोरीने किंवा टेपने मोजावी. भिंतीच्या कडेने वर जाऊन, चौकटीला वळसा घालून पलीकडे उतरणारी केबल सरळ अंतराच्या दीडपट सहज होते. शिवाय दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा ठेवावी लागते.

त्यानंतर नेटवाल्याकडून चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत आणि ती लिहून ठेवावीत. आपला प्लॅन किती मेगाबिटचा आहे? त्याने बसवलेल्या फायबरच्या डब्ब्याचे लॅन पोर्ट (घरातील केबल लावण्याच्या जागा) गिगाबिटचे, म्हणजे १००० मेगाबिटचे, आहेत की १०० मेगाबिटचे? त्या डब्ब्याचे सेटिंगचे पान उघडण्यासाठी लागणारे नाव व पासवर्ड कोणते? गरज पडल्यास तो डब्बा ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचे काम न करता फक्त इंटरनेट पुढे देणारा) टाकून देता येईल का? जोडणी अर्धवट झाल्यावर, रविवारी संध्याकाळी ही माहिती मिळवणे फार कठीण जाते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. घरातल्या घरात खेळायचे असेल, तर प्लॅनच्या वेगाचा त्याच्याशी संबंध नसतो. एका खोलीतील संगणकाकडून दुसऱ्या खोलीतील संगणकाकडे जाणारी माहिती घराबाहेर पडतच नाही. त्यामुळे खेळ अडखळतो म्हणून महागडा प्लॅन घेण्यापूर्वी घरातील केबल आणि स्विच (एका केबलच्या अनेक वाटा करणारे यंत्र) पाहावेत. प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये सांगितला जातो आणि डाउनलोडचा आकडा अनेकदा मेगाबाइटमध्ये (एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट) दिसतो, हेही लक्षात असू द्यावे. १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट मिळाले, तर जोडणी अगदी ठीक आहे.

आणायचे साहित्य थोडके आहे : गिगाबिट पोर्टचा एक राउटर, पाच किंवा आठ पोर्टचा एक गिगाबिट स्विच, कॅट ६ केबल, आरजे ४५ जॅक (लागतील त्यांपेक्षा दहा तरी जास्त), जॅक केबलवर दाबून बसवणारा क्रिंपिंगचा पाना, साधा केबल टेस्टर आणि केसिंग पट्टी. घरासाठी कॅट ५ई केबलही पुरते, कारण तीही १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते. नवीनच घ्यायची असेल तर कॅट ६ घ्यावी.

इशारा : बाजारात स्वस्त मिळणाऱ्या बऱ्याच केबलमध्ये शुद्ध तांबे नसून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनिअम असते. ती दिसायला सारखीच असते, पण जॅकमध्ये लवकर तुटते आणि लांब अंतरावर जोडणी कमकुवत करते. दुकानातच एक तार ब्लेडने हलकेच खरवडून पाहावी. आतून चंदेरी रंग निघाला तर ती केबल घेऊ नये.

टप्पा २ : डब्ब्यांची जागा आणि वीज

फायबरचा डब्बा जेथे नेटवाला ठोकेल तेथे राहू देण्याची सवय सोडावी. तो येण्यापूर्वीच जागा ठरवून ठेवावी, कारण फायबर नंतर हलवणे म्हणजे पुन्हा जोड मारणे. जागा निवडताना आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार सर्वांत आधी करावा. बहुतेक घरगुती राउटर ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात बाहेरचा पाराच ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत छताजवळ तापमान त्याहून बरेच जास्त असते. तेथे ठेवलेला राउटर दुपारी आपोआप बंद-चालू होऊ लागला, तर त्यात बिघाड झाला असे समजून नवा आणण्यात अर्थ नाही. मुख्य राउटर आणि स्विच स्लॅबच्या खाली, भिंतीवर डोक्याइतक्या उंचीवर, चारही बाजूंनी हवा खेळेल असे लावावेत. टीव्हीच्या बंद कपाटात ठेवू नयेत आणि एकावर एक रचू नयेत.

कूलर ज्या बोर्डावर चालतो, त्याच बोर्डावर राउटरचे ॲडॉप्टर लावू नये. कूलरची मोटर चालू-बंद होताना विजेचा दाब क्षणभर खालीवर होतो, शिवाय पाण्याचे शिंतोडे उडतात ते वेगळेच.

वीज जाण्याची सोय याच टप्प्यात करावी. घरात इन्व्हर्टर असेल तर फायबरचा डब्बा, राउटर आणि स्विच ही तिन्ही यंत्रे इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावीत. यांपैकी एक जरी बाहेर राहिले तरी संगणकांपर्यंत इंटरनेट पोचत नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावावा. त्याचे व्होल्ट यंत्रावर लिहिलेल्या व्होल्टइतकेच असावेत, ॲम्पिअर तितके किंवा जास्त चालतात, आणि पिनेची धन-ऋण बाजू जुळलीच पाहिजे. १२ व्होल्टचे ॲडॉप्टर ९ व्होल्टच्या यंत्राला लावून ते जळाल्याची उदाहरणे दुरुस्तीच्या दुकानांत नेहमी येतात.

तपासणी : फायबरची बारीक केबल कोठेही काटकोनात दुमडलेली नसावी आणि खिळ्याखाली दाबलेली नसावी. डब्ब्यावरचा पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा असावा. लॉस नावाचा दिवा लाल होत असेल तर दोष फायबरमध्ये आहे. तो नेटवाल्यानेच दुरुस्त करायचा असल्यामुळे तोवर पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : केबल टाकणे आणि जॅक बसवणे

या टप्प्यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून येथे घाई करू नये.

केबल विजेच्या वायरसोबत एकाच पाइपमधून किंवा एकाच पट्टीतून नेऊ नये. निदान अर्धा-एक फूट अंतर राखावे आणि दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. धाब्याच्या खोलीची भिंत जाड मातीची असते. तिला भोक पाडताना आतल्या बाजूने किंचित चढ ठेवून पाडावे, म्हणजे पावसाचे पाणी केबलवरून आत उतरत नाही, आणि त्या भोकात पाइपचा तुकडा बसवावा, म्हणजे माती सुटत नाही. धान्याच्या कोठीजवळून केबल न्यायची असेल तर ती पूर्ण पाइपमध्येच टाकावी; उंदीर पातळ पट्टी सहज कुरतडतात.

आता जॅक. केबलचे बाहेरचे आवरण टोकापासून सुमारे तीन सेंटिमीटर काढावे. आवरण कापताना पाते खोल गेले तर आतल्या तारेवर चीर पडते आणि ती तार काही महिन्यांनी तुटते. म्हणून आवरण काढल्यावर आठही तारा बोटाने वाकवून पाहाव्यात आणि कोठे तांबे उघडे दिसले तर ते टोक कापून पुन्हा सुरुवात करावी. मग जोड्यांचे पीळ उलगडून तारा सरळ कराव्यात आणि पुढील क्रमाने शेजारी-शेजारी धराव्यात :

१. पांढरा-नारिंगी
२. नारिंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

जॅकचा खटका खालच्या बाजूला आणि केबल आत शिरण्याचे तोंड आपल्याकडे असताना डावीकडून पहिली तार पांढरी-नारिंगी यावी. तारा अंगठा आणि तर्जनी यांमध्ये घट्ट धरून एका रेषेत कापाव्यात. कापल्यानंतर त्यांची लांबी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास राहावी. मग चिमूट न सोडता त्या जॅकमध्ये सरकवाव्यात. पाना दाबण्यापूर्वी जॅकच्या टोकाकडून आत पाहावे : आठही तारांची तांब्याची टोके पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत आणि बाहेरचे आवरण जॅकच्या आतपर्यंत आलेले असले पाहिजे. आवरण बाहेरच राहिले तर केबल ओढली गेल्यावर सगळा ताण आठ बारीक तारांवर येतो. हे पाहून झाल्यावरच पाना पूर्ण दाबावा. दुसऱ्या टोकालाही अगदी हाच क्रम ठेवावा.

पुष्कळ जण 'दोन्ही टोकांना रंग सारखे ठेवले की झाले' असे मानून मनाला येईल तो क्रम लावतात. टेस्टरवर ती केबल चांगली दिसते, पण प्रत्यक्षात नीट चालत नाही. केबलमधील तारा जोडीजोडीने पिळलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीने एकच संदेश वाहायचा असतो. तीन आणि सहा या जागांवर हिरव्याची जोडी विभागून बसते ती याच हिशेबाने. क्रम बदलला की एका संदेशाच्या दोन तारा वेगवेगळ्या जोड्यांत जातात आणि लांब केबलवर जोडणी तुटू लागते.

इशारा : शेजारच्या भावकीच्या घरात किंवा मळ्यातल्या खोलीत जोडणी न्यायची असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तरी त्या केबलमधून आलेला दाब दोन्हीकडची यंत्रे जाळतो. अशा ठिकाणी फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल यांना जोडणारे यंत्र) लावावेत. काही फायबर केबलला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती भिंतीबाहेरच तोडावी, यंत्रापर्यंत आणू नये.

तपासणी : टेस्टरवर एक ते आठ दिवे दोन्ही बाजूंना त्याच क्रमाने लागावेत. टेस्टर वेग मोजत नाही, म्हणून संगणक जोडल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग इथरनेट असे उघडून लिंक स्पीड पाहावा. दोन्ही बाजूंची यंत्रे गिगाबिटची असूनही १००० ऐवजी १०० दिसत असेल, तर बहुधा एखादी तार नीट बसलेली नाही. १०० मेगाबिटला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे केबल 'चालते' पण वेग दसपटीने कमी मिळतो, आणि घरातील कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

टप्पा ४ : यंत्रे एकमेकांना जोडणे

फायबरच्या डब्ब्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल राउटरकडे, राउटरच्या लॅन पोर्टमधून निघालेली स्विचकडे आणि स्विचमधून प्रत्येक संगणकाकडे, असा सरळ मार्ग ठेवावा. राउटरवर इंटरनेट आत घेण्यासाठी वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट असतो. डब्ब्याकडून येणारी केबल त्यात लावायची की लॅन पोर्टमध्ये, हे पुढच्या टप्प्यातील निवडीवर अवलंबून आहे. तोवर ती केबल लावू नये.

इशारा : एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये लागली, किंवा स्विच आणि राउटर यांच्यामध्ये 'वेग वाढावा म्हणून' दोन केबल लावल्या, तर माहिती गोल फिरत राहते आणि काही क्षणांत सगळे जाळे ठप्प होते. सर्व दिवे एकदम वेगाने लुकलुकू लागले की आधी हेच तपासावे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावली तर ही चूक होत नाही.

टप्पा ५ : पत्ते वाटणारे यंत्र एकच ठेवणे

खेळ दिसत नाही या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथे असते. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला आणि मोबाइलला एक आयपी पत्ता लागतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२०. तो पत्ता राउटरमधील डीएचसीपी नावाची सोय वाटते. नेटवाल्याचा फायबरचा डब्बा हा स्वतःच राउटर असतो आणि तोही पत्ते वाटतो. त्याच्या पुढे आपण आणलेला राउटर लावला की घरात दोन वेगळी जाळी तयार होतात. डब्ब्याच्या वायफायवरचा लॅपटॉप एका जाळ्यात आणि राउटरवरचा संगणक दुसऱ्यात. इंटरनेट दोघांनाही मिळते, म्हणून सगळे ठीक वाटते; पण राउटरच्या आत सुरू केलेला खेळ बाहेरच्या जाळ्यातून दिसत नाही.

यावर दोन मार्ग आहेत आणि त्यांपैकी एकच निवडावा.

पहिला मार्ग : डब्ब्यालाच मुख्य राउटर राहू द्यावे आणि आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकावा, म्हणजे तो फक्त वायफाय आणि पोर्ट पुरवतो, पत्ते वाटत नाही. ज्या घरात प्रामुख्याने मोबाइल आणि अभ्यास आहे, तेथे हा मार्ग पुरतो. नव्या राउटरच्या मेनूत ॲक्सेस पॉइंट हा पर्याय असेल तर तो निवडून यंत्र पुन्हा सुरू करावे. नसेल तर पुढील क्रम पाळावा. आधी राउटरला फक्त एक संगणक जोडावा, डब्बा जोडू नये. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचे सेटिंगचे पान उघडावे आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. डब्ब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर राउटरला १९२.१६८.१.२ द्यावा. त्यानंतर नव्या पत्त्यावर पान पुन्हा उघडून डीएचसीपी बंद करावे. शेवटी डब्ब्याकडची केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावावी, वॅनमध्ये नाही. क्रम उलटा झाला, म्हणजे डीएचसीपी आधी बंद केले, तर संगणकाला पत्ताच मिळत नाही आणि राउटरचे पान उघडेनासे होते. तसे झालेच तर रीसेटचे बटण दहा सेकंद दाबून पुन्हा पहिल्यापासून यावे.

दुसरा मार्ग : नेटवाल्याला सांगून डब्बा ब्रिज मोडवर टाकून घ्यावा आणि आपल्या राउटरला मुख्य करावे. यासाठी जोडणीचे नाव व पासवर्ड, आणि लागत असल्यास व्हीलॅनचा क्रमांक, त्याच्याकडून घ्यावा लागतो. डब्ब्यालाच घरचा लँडलाइन फोन जोडलेला असेल तर बदलानंतर तो चालेल का, हे आधी विचारावे. येथे डब्ब्याकडची केबल वॅन पोर्टमध्ये लावावी. मुले रोज ऑनलाइन खेळत असतील तर थोडा त्रास घेऊन हाच मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंटरनेटची वाटणी कोणाला किती, हे ठरवण्याची चांगली सोय आपल्या राउटरमध्ये मिळते. नेटवाल्याच्या डब्ब्यांत ती बहुधा नसते.

निवड झाल्यावर यंत्रे या क्रमाने चालू करावीत : फायबरचा डब्बा, त्याचा दिवा स्थिर झाल्यावर राउटर, मग स्विच आणि शेवटी संगणक.

तपासणी : विंडोजमधील कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करावी. घरातील प्रत्येक संगणकावर पत्त्याचे पहिले तीन भाग सारखे यावेत, शेवटचा वेगळा असावा आणि डीफॉल्ट गेटवे (मुख्य राउटरचा पत्ता) सर्वांचा एकच असावा. एखाद्या संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर त्याला पत्ता देणारे कोणी सापडलेले नाही. केबल किंवा डीएचसीपी पाहावे. ज्या संगणकावर खेळ सुरू करायचा त्याला पत्ते वाटणाऱ्या यंत्रात ॲड्रेस रिझर्व्हेशन करून एकच कायमचा पत्ता द्यावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर तो बदलत नाही.

टप्पा ६ : वायफाय

खेळाचे संगणक केबलवरच ठेवावेत. वायफाय मोबाइल, टीव्ही आणि पाहुण्यांसाठी आहे. जाड मातीच्या भिंतीतून ५ गीगाहर्ट्झचा संदेश फारसा पार होत नाही, २.४ गीगाहर्ट्झचा त्यापेक्षा बरा जातो, पण तेथे शेजाऱ्यांची गर्दी असते. म्हणून २.४ वर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडावा. मधले क्रमांक दोन्ही बाजूंशी भिडतात. वर वेगळा ॲक्सेस पॉइंट असेल तर त्याला खालच्यापेक्षा निराळा चॅनेल द्यावा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावी, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने जोडण्याची सोय) बंद करावे आणि राउटरच्या सेटिंगच्या पानाचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा.

इशारा : गेस्ट नेटवर्कवर असलेला लॅपटॉप घरातील खेळ पाहू शकत नाही, कारण पाहुण्यांना वेगळे ठेवण्यासाठीच ती सोय असते. वायफायवरील यंत्रांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारा एपी आयसोलेशन हा पर्याय चालू असला तरी हेच होते. खेळणाऱ्या पाहुण्याला मुख्य वायफायवर घ्यावे.

टप्पा ७ : संगणकांची तयारी

प्रत्येक संगणकाला वेगळे नाव द्यावे. एकाच दुकानातून भरून आणलेल्या संगणकांची नावे कधीकधी सारखी असतात. मग विंडोजमध्ये नेटवर्क प्रोफाइल पब्लिकऐवजी प्रायव्हेट करावे. ते पब्लिक राहिले तर विंडोज शेजारच्या संगणकांना अनोळखी मानते. फायरवॉल बंद करू नये. खेळ पहिल्यांदा सुरू करताना विंडोज परवानगी विचारते, तेव्हा प्रायव्हेटसमोर खूण करून परवानगी द्यावी. घाईत ती खिडकी बंद केली असेल, तर फायरवॉलच्या पानावर परवानगी असलेल्या ॲपची यादी उघडून त्या खेळाला नंतरही परवानगी देता येते.

व्हीपीएन (जोडणी दुसऱ्या मार्गाने वळवणारा प्रोग्रॅम) चालू असेल तर बंद करावे. त्यामुळे खेळ कधीकधी चुकीच्या मार्गावर शोध घेत बसतो. सर्व संगणकांवर खेळाची आवृत्ती एकच असावी. फुकट उतरवलेल्या फोडलेल्या खेळासोबत 'अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना असेल तर तो खेळ टाकूच नये. घरातील सगळी यंत्रे आता एकाच जाळ्यात आहेत, आणि एका संगणकात शिरलेली घाण बाकीच्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. फाइल शेअरिंग करताना पूर्ण ड्राइव्ह न देता एकच फोल्डर द्यावे.

टप्पा ८ : खेळ सुरू करणे

सर्वांत चांगला आणि केबलवर असलेला संगणक यजमान (ज्यावर खेळ सुरू करून इतर जोडतात तो) करावा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत जग उघडल्यावर मेनूतून ओपन टू लॅन निवडले की पडद्यावर एक पोर्ट क्रमांक (केबलच्या पोर्टचा नव्हे, खेळाच्या जोडणीचा आकडा) येतो. इतरांना ते जग मल्टिप्लेअरच्या यादीत आपोआप दिसायला हवे. न दिसल्यास डायरेक्ट कनेक्शनमध्ये यजमानाचा आयपी पत्ता, त्यापुढे अपूर्णविरामाचे चिन्ह आणि तो पोर्ट क्रमांक टाइप करावा. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती आणि जावा आवृत्ती एकमेकींना जोडत नाहीत. धाकटे भावंड मोबाइल घेऊन बसलेले असेल तर हे आधीच समजावून सांगावे. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये नेहमीचा पोर्ट २७०१५ असतो.

यादीत खेळ दिसत नाही, पण पत्ता टाकल्यावर जोडतो, असे झाले तर केबल आणि पत्ते ठीक आहेत. अडथळा फायरवॉलचा किंवा वायफायच्या सेटिंगचा आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीत नसते. रस्त्याच्या कामात फायबर तुटून इंटरनेट गेले, तरी घरातल्या घरातील खेळ थांबत नाही. मात्र ज्या खेळांना ऑनलाइन लॉगिन लागते, ते याला अपवाद आहेत. त्यामुळे 'नेट गेले' म्हणून राउटर किंवा फायबरचा डब्बा बंद करू नये. पत्ते वाटणारे यंत्र त्यांतलेच एक आहे.

टप्पा ९ : खेळ आणि इंटरनेट यांची वाटणी

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरवाशिणी मुलाबाळांसह घरी येतात, आणि दोन-तीन दिवसांत घरातील मोबाइलची संख्या तिप्पट होते. प्रत्येक मोबाइल वायफाय मिळताच फोटो वर चढवू लागतो, ॲप अद्ययावत करू लागतो. त्याच वेळी ऑनलाइन खेळणाऱ्या मुलाचे पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर येण्यास लागणारा वेळ, वाढते. याचे कारण वेग संपणे एवढेच नसते. बाहेर जाण्याची वाट भरली की राउटर माहितीची रांग लावतो आणि खेळाची छोटी पाकिटे त्या रांगेत अडकतात.

हे तपासण्यासाठी कमांड प्रॉम्प्टमधून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर सतत पिंग चालू ठेवावे (ping -t 8.8.8.8) आणि मोबाइलवरून मोठा व्हिडिओ वर चढवावा. आकडा दुप्पट-तिप्पट झाला, तर राउटरमधील क्यूओएस (कोणाची माहिती आधी जाऊ द्यायची हे ठरवणारी सोय) चालू करून वर जाण्याचा आणि खाली येण्याचा असे दोन्ही वेग प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधावेत, आणि खेळाच्या संगणकाला प्राधान्य द्यावे. वेग थोडा कमी दिसेल, पण रांग लागणार नाही. क्यूओएस नसेल, तर विंडोजची अद्यतने आणि खेळांची मोठी डाउनलोड रात्री ठेवावीत.

फायबर बंद असताना मोबाइलचे नेट संगणकातून सर्वांना वाटायचे असेल, तर विंडोजमध्ये इंटरनेट कनेक्शन शेअरिंगची सोय आहे. मात्र ती सुरू केलेला संगणक स्वतः १९२.१६८.१३७.१ हा पत्ता घेतो आणि पत्ते वाटू लागतो. स्विचवर राउटर आधीच असेल तर पुन्हा दोन वाटणारे झाले. म्हणून अशा वेळी ज्याला गरज आहे त्याने थेट मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावे आणि बाकीचे जाळे होते तसे राहू द्यावे.

टप्पा १० : बिघाड शोधण्याचा क्रम

खालून वर जावे. प्रथम पोर्टवरचा दिवा पाहावा, मग लिंक स्पीड, मग आयपी पत्ता. त्यानंतर राउटरला पिंग करावे. केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास यावे आणि एकही पाकीट हरवू नये. मग ८.८.८.८ ला पिंग करावे. राउटर उत्तर देतो आणि बाहेरचा पत्ता देत नाही, तेव्हाच नेटवाल्याला फोन करावा. ८.८.८.८ उत्तर देतो पण संकेतस्थळे उघडत नाहीत, तर दोष डीएनएसमध्ये (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणाऱ्या सोयीत) आहे. शेजारच्या संगणकाला केलेले पिंग अयशस्वी झाले म्हणून केबल खराब ठरवू नये, कारण प्रोफाइल पब्लिक असल्यास विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देत नाही.

बाहेरगावच्या मित्राला आपल्या यजमान संगणकावर बोलवायचे असेल आणि पोर्ट फॉरवर्ड करूनही (बाहेरून येणारी जोडणी राउटरमधून त्या संगणकाकडे वळवूनही) जमत नसेल, तर मुख्य राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये असेल, तर नेटवाल्याने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे. घरातील कोणत्याही सेटिंगने तो अडथळा दूर होत नाही. स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

सगळे चालू झाल्यावर राउटरच्या पानावरून सेटिंगचा बॅकअप संगणकात उतरवून ठेवावा. एका कागदावर राउटरचा पत्ता, त्याचा पासवर्ड, जोडणीचे नाव, यजमान संगणकाचा पत्ता आणि केबलचे क्रमांक लिहून तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोर्डाजवळच्या कपाटात ठेवावा. वळवाचे ढग दाटून आले की प्रत्येक ॲडॉप्टर बोर्डातून काढावे. बोर्डाचे बटण बंद करणे पुरेसे नसते.